डबक्यातली गँग

डास म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कॉइलचा धूर, ओडोमॉसचा वास, बॅटरीच्या रॅकेटचा 'चट्' असा आवाज... आणि कुणीतरी हमखास म्हणणार, "मागच्या त्या डबक्यातून येतात सगळे!" आपल्या हॉस्टेलमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की न्यूटनच्या तीन नियमांनंतरचा हा चौथा नियम आहे असं वाटायला लागलंय. तो नियम आज जरा तपासून बघूया. एक्स्टर्नलसारखा नाही, प्रेमाने.

तपासायची गरज अशी की या वर्षी प्रकरण थट्टेचं राहिलेलं नाही. जुलैमध्ये गर्ल्स हॉस्टेलमध्ये डेंग्यूचे चार पेशंट निघाले. त्यातली एक माझी रूममेट. रोज तिच्या प्लेटलेट्सचा आकडा ऐकत आम्ही एक आठवडा काढला. ती आता बरी आहे. पण त्यानंतर फॉगिंगची गाडी दोनदा येऊन गेली, मागच्या डबक्याच्या एका कोपऱ्यात जळकं ऑइल ओतलं गेलं, आणि आता दिवाळीच्या सुट्टीत नव्या बिल्डिंगचा डेब्रिस टाकून ते डबकं कायमचं बुजवायचं असं चाललंय. कुणी ठरवलं, का ठरवलं यात मला पडायचं नाही. पण बुजवण्याआधी तिथे कोण कोण राहतं हे तरी सगळ्यांना कळावं.

बाहेरगावहून आलेल्यांसाठी थोडी माहिती. आपलं कॉलेज ज्यावर उभं आहे त्याला कोकणात सडा म्हणतात, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, गवतसुद्धा करपून जातं. जूनमध्ये पाऊस लागला की कातळातल्या खोलगट जागी आणि जुन्या चिरेखाणींमध्ये पाणी साचतं. उथळ डबकी पावसाने दडी मारली की आटतात, खोल असतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकतात. मग पुन्हा सहा-सात महिने ठणठणीत कोरडं. अशा जागांना हंगामी पाणथळ म्हणतात. आपलं डबकं म्हणजे अशीच एक सोडून दिलेली चिरेखाण आहे.

आता यातली खरी मेख बघा. वर्षातले सहा-सात महिने जिथे पाणी नाही, तिथे मासा राहू शकत नाही. आणि मासा नाही म्हणजे माशाने एरवी गिळून टाकलं असतं असे सगळे छोटे शिकारी तिथे राजासारखे राहतात. तळ्यात जे भित्रे, ते डबक्यात वाघ! यांचं मुख्य जेवण म्हणजे पाण्यात वळवळणारं काहीही मऊ, आणि त्यात डासाच्या अळ्या पहिल्या नंबरावर. डासाची अळी श्वास घ्यायला पुन्हा पुन्हा पाण्याच्या वरच्या थरात येते, तिथे लटकून राहते. शिकाऱ्याच्या दृष्टीने हे म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं आहे.

बायोलॉजी मी दहावीनंतर सोडली ती सोडलीच, आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे या मंडळींकडे मी जरा आपल्या नजरेनेच बघते. मेसच्या चहाची जुनी गाळणी आणि पांढरी ताटली एवढं साहित्य पुरतं. (गाळणी परत मेसमध्ये ठेवलेली नाही, काळजी नसावी.)

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो उताणा पोहणारा किडा. अर्धा-एक सेंटिमीटरचा, पाठ खाली, पोट वर, आणि मागचे दोन लांब पाय वल्ह्यासारखे मारत जाणारा. इंग्लिशमध्ये याला बॅकस्विमर म्हणतात. आपल्याकडे याची अनिसॉप्स नावाची जात भरपूर सापडते. हा पोटाखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतो. आता विचार करा, बुडबुडा आहे म्हणजे तो वर ढकलला जाणार. आणि त्यातला ऑक्सिजन वापरला की बुडबुडा लहान होणार, म्हणजे किडा खाली जाणार. मग हा पाण्याच्या मधोमध स्थिर कसा तरंगतो? तर याच्या पोटात हिमोग्लोबिन असलेल्या पेशी आहेत. त्या हळूहळू ऑक्सिजन सोडत राहतात आणि बुडबुड्याचा आकार बराच वेळ टिकवून धरतात. पाणबुडीत टाक्या, पंप, व्हॉल्व्ह लावून आपण जे करतो ते याने रक्तातल्या रंगावर भागवलंय! मधोमध तरंगत राहिलं की वर लटकलेल्या अळ्या आयत्याच दिसतात. खालून झडप घालायची, सोंड खुपसायची, आतला रस ओढून घ्यायचा आणि साल टाकून द्यायचं.

दुसरं म्हणजे चतुराचं पिल्लू. (ड्रॅगनफ्लायला मराठीत चतुर म्हणतात हे मला मेसच्या मावशींनी सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडे तो ड्रॅगनफ्लायच होता, आणि टाचणी हा त्याचाच बारीक भाऊ असतो हे तर मला कळल्यावर हसूच आलं.) हवेत उडणारा तो देखणा चतुर आपलं सगळं बालपण पाण्याच्या तळाशी काढतो, आणि तेव्हा तो अजिबात देखणा नसतो. चिखलाच्या रंगाचा, सहा पायांचा, गप्प बसून राहणारा. पण त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो ओठ सेकंदाच्या काही शतांश भागात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत अळी अडकते. हे हायड्रॉलिक प्रेशरने होतं असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण २०२१ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की एवढा वेग नुसत्या प्रेशरने येत नाही. ओठाच्या सांध्यांमध्ये दोन गलोलींसारखी रचना आहे. स्नायू आधी सावकाश ताण भरून ठेवतात, मग खटका सुटतो. त्यावरून त्यांनी यंत्रही बनवलं. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी. शिवाय हे पिल्लू घाबरलं की मागून पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकतं, म्हणजे जेट प्रॉपल्शनसुद्धा आलं!

मी एक पिल्लू कापलेल्या पाण्याच्या बाटलीत ठेवलं होतं आणि संध्याकाळी त्यात गाळणीभर अळ्या सोडल्या. सकाळी दोन-तीनच उरल्या होत्या. माझ्या पार्टनरने ती बाटली खोलीबाहेर ठेवायला लावली, पण तिलाही नंतर बघायला मजा यायला लागली.

पाणभुंगेऱ्याच्या अळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती खरंच भीतिदायक आहे. तिचे जबडे सुईसारखे पोकळ असतात. भक्ष्यात ते खुपसून ती पाचक रस आत सोडते आणि विरघळलेलं जेवण त्याच सुईतून वर ओढते. इंग्लिशमधलं तिचं नाव वॉटर टायगर. पुरे.

पण या गँगचा खरा डॉन नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. तो आहे सायक्लॉप्स. जेमतेम एक-दोन मिलिमीटर, झटके देत पळणारा पांढुरका ठिपका. नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे, नारू रोगाच्या धड्यात तो असायचा. विहिरीच्या पाण्यातून सायक्लॉप्स पोटात जायचा, त्याच्या आत नारूची अळी असायची, आणि वर्षभराने माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. आमच्या आजीला तो शब्द ऐकून अजून शहारे येतात. तो रोग संपवायला विहिरींत टेमेफॉस नावाचं औषध टाकून सायक्लॉप्स मारले गेले, लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवलं, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. फार मोठं काम होतं ते.

आता त्याच सायक्लॉप्सची दुसरी बाजू. त्याच्या घराण्यातली मेसोसायक्लॉप्स ही जरा मोठी मंडळी डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या मारतात. एकेक जण दिवसाला चाळीसच्या आसपास मारू शकतो, आणि गंमत म्हणजे तो खातो त्यापेक्षा जास्त मारतो. व्हिएतनाममध्ये वू सिन नाम आणि ऑस्ट्रेलियाचे ब्रायन के यांनी १९९० च्या दशकात याचा वापर सुरू केला. गावोगावी पाणी साठवायच्या मोठ्या टाक्यांत, रांजणांत, विहिरींत हे मेसोसायक्लॉप्स सोडले. कसे? एका टाकीतलं पाणी बादलीने काढायचं आणि शेजारच्या टाकीत ओतायचं, बस्स! सोबत गावातली मंडळी आणि शाळेची मुलं टायर, फुटके डबे गोळा करायची. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: ३७ पैकी ३२ गावगटांमधून डेंग्यूचा डास पूर्ण नाहीसा झाला होता आणि २००२ नंतर तिथे डेंग्यूची एकही केस नोंदली गेली नव्हती. जिथे नारू होता तिथे हा उपाय अर्थातच चालला नसता. एकच प्राणी एका धड्यात व्हिलन आणि दुसऱ्या धड्यात हिरो, हे आमच्या सिलॅबसमध्ये बसणारं नाही. (क्यूलेक्स जातीच्या डासांपुढे मात्र या हिरोचं फारसं चालत नाही. त्यांच्या अळ्या त्याला जरा जड जातात.)

एवढी गँग आहे तर मग डबक्यात एकही डास व्हायला नको, नाही का? इथे कंट्रोल सिस्टिमवाल्यांचा आवडता शब्द येतो: टाइम लॅग.

पहिला मोठा पाऊस पडला की काही डासांची चिखलात चिकटून राहिलेली कोरडी अंडी पाणी लागताच फुटतात. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. शिकारी मात्र एकदम हजर होत नाहीत. सायक्लॉप्स चिखलातच झोपून उन्हाळा काढतो म्हणून तो लवकर जागा होतो. बॅकस्विमर आणि पाणभुंगेरे दुसऱ्या पाण्यावरून रात्री उडत येतात, त्यांना दिवस लागतात. चतुर येऊन अंडी घालणार, ती फुटणार, पिल्लं मोठी होणार. पावसाच्या डबक्यांवर येणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लाव्हेसेन्स, यात सगळ्यात घाईचा, तरी त्याच्या पिल्लाला पाच-सहा आठवडे हवेत. (हाच चतुर पावसाळा संपला की समुद्रावरून मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत जात असावा अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये केली होती. आपल्या डबक्यातून निघालेला आफ्रिकेला, आणि आम्ही अजून गेटपासवर सही घ्यायला रांगेत!)

म्हणजे पहिले दहा-पंधरा दिवस डासांचे. त्यानंतर गँगचे. पावसाने मध्ये मोठी दडी मारून डबकं आटलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. अमेरिकेतल्या जोनाथन चेस आणि टिफनी नाइट यांनी २००३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. जी पाणथळ एरवी आटत नाही पण दुष्काळात आटली, तिथे पुढच्या वर्षी डासांचा पूर आला, कारण डास लगेच परतले आणि त्यांना खाणारे परतले नाहीत. दरवर्षी नेमाने आटणाऱ्या डबक्यांत असा पूर आला नाही, कारण तिथल्या जिवांना आटण्याची सवय असते.

आणखी एक प्रश्न मला पडला होता. अळ्या खूप झाल्या तर शिकारी त्या प्रमाणात जास्त खातात का? याचं उत्तर आपल्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. सबमिशनच्या दिवशी रांग दहा जणांची असो की शंभर जणांची, एका पानाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. त्याचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही. शिकाऱ्यालाही पकडायला, खायला, पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. कॅनडाच्या हॉलिंग यांनी १९५९ मध्ये याचं समीकरण मांडलं, आणि प्रयोग कसा केला? डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहायकाला टेबलावर चाचपडत सँडपेपरच्या चकत्या उचलायला लावून! म्हणून एकटा बॅकस्विमर डासांच्या लाटेपुढे काही करू शकत नाही. गँग लागते, आणि ती जमायला वेळ द्यावा लागतो.

गँगचा आणखी एक उपयोग आहे, खाण्याव्यतिरिक्त. इस्रायलमध्ये लिऑन ब्लाउस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की एका जातीच्या डासाची मादी बॅकस्विमर असलेल्या पाण्यात अंडी घालायचं टाळते. तिला कळतं कसं? वासाने. २०१० मध्ये त्यांनी बॅकस्विमरमधून बाहेर पडणारी दोन हायड्रोकार्बन्स शोधून काढली, ज्यांच्या वासाने मादी पाण्याला न शिवता निघून जाते. सगळेच डास एवढे हुशार असतात असं नाही, पण ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी गँगचं नुसतं असणंही पुरतं.

आता ऑइलकडे वळू. जळकं ऑइल पाण्यावर पसरलं की वर येऊन श्वास घेणारं सगळं मरतं. डासाची अळी मरते, हे खरं. पण बॅकस्विमर आणि पाणभुंगेराही वर येऊनच हवा घेतात, तेही मरतात. पुढच्या जोरदार पावसात ऑइल वाहून जातं (कुठे? उतारावरच्या विहिरीकडे), आणि मग सात दिवसांत डास परत, शिकारी नाहीत. म्हणजे आपण स्वतःच्या हाताने घड्याळ शून्यावर आणतो. औषधच टाकायचं असेल तर बीटीआय नावाचं जिवाणूंपासून केलेलं औषध आहे, आपल्याकडेही वापरात आहे. ते डासांच्या अळ्यांना आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांनाच मारतं, चतुर-बॅकस्विमरला हात लावत नाही. हे जिवाणू सापडले कुठे? १९७६ मध्ये, इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, कोरड्या नदीपात्रातल्या डासांनी भरलेल्या एका डबक्यात! डबकी बुजवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.

"गप्पी मासे सोडा की मग," असंही एक जण म्हणाला. टाकीत, हौदात, विहिरीत जरूर सोडा, तिथे ते चांगलं काम करतात. पण डबक्यात नको. उन्हाळ्यात ते मरणारच, आणि मरेपर्यंत चतुराची पिल्लं आणि इतर बारीक जीव खाऊन टाकणार. गप्पीसारखाच दिसणारा गॅम्बुसिया भारतात १९२८ मध्ये डासांसाठीच आणला होता, आज तो जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे.

आता मूळ प्रश्न, माझ्या रूममेटला चावला तो डास कुठला? डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती हा डबक्यातला प्राणीच नाही. त्याला माणसाने साठवलेलं पाणी लागतं: पिंप, टाकी, टायर, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे. आणि तो जन्मला त्या जागेपासून साधारण शे-दोनशे मीटरच्या पुढे सहसा जात नाही. अशा भांड्यांत गँग नसते. बॅकस्विमर टायरमध्ये राहायला येत नाही, चतुर फ्रिजच्या ट्रेवर अंडी घालत नाही. तिथे डासाला मोकळं रान. गटाराच्या घाण पाण्याचंही तसंच आहे. तिथे ऑक्सिजन नाही म्हणून कल्ल्यांनी श्वास घेणारे शिकारी टिकत नाहीत, क्यूलेक्स मात्र नळीने वरची हवा ओढत मजेत वाढतो.

ऑगस्टमध्ये आम्ही एनएसएसच्या सात जणी टॉर्च घेऊन हॉस्टेलभर फिरलो, सोबत आरोग्य केंद्राचे एक काका होते. अळ्या कुठे मिळाल्या? झाकण तुटलेल्या ओव्हरहेड टाकीत. गच्चीवरच्या तुंबलेल्या पन्हळीत. पार्किंगमागच्या टायरच्या ढिगात. कॉमन रूमच्या फ्रिजमागे. आणि सगळ्यात जास्त, सिव्हिलवाल्यांनो रागावू नका, नव्या बिल्डिंगच्या स्लॅबवर क्युरिंगसाठी बांध घालून साठवलेल्या पाण्यात. तिथल्या काही अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडल्या होत्या. काकांनी लगेच ओळखलं, अॅनॉफिलीस. म्हणजे मलेरियावाल्यांची सोय. (डोकं खाली करून तिरपी लटकते ती एडीस किंवा क्यूलेक्स, आडवी असते ती अॅनॉफिलीस. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.) मागच्या डबक्यात त्याच दिवशी आम्ही वीस वेळा गाळणी फिरवली. चतुराची पिल्लं मिळाली, बॅकस्विमर मिळाले, बेडकाची पिल्लं मिळाली. डासाच्या अळ्या तीन. ऑइल ओतलेला कोपरा आम्ही वेगळा तपासला, तिथे शिकारी एकही नव्हता आणि अळ्या मोजता आल्या नाहीत.

ही यादी आम्ही लेखी दिली आहे. टाकीला नवं झाकण बसलं, टायर हलले, पन्हळ साफ झाली. स्लॅबच्या पाण्यात आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला कॉन्ट्रॅक्टरची माणसं तयार झाली आहेत, क्युरिंगचे दिवस मोजून. डेब्रिसचं अजून काही कळलेलं नाही.

तोपर्यंत डबक्यात पाणी आहे. बघायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर ऊन चमकायला लागलं की आतलं काही दिसत नाही. कातळावर शेवाळ असतं, स्लीपर घालून जाऊ नका. काठाशी पाच मिनिटं न हलता बसलात की आधी बॅकस्विमर वर येतात.